जमावबंदीतली हॉकी

सेसिलियाबाईंना शिट्टी वाजवता येत नसे. हॉकी शिकवणारी बाई आणि शिट्टी नाही, याचं नव्या मुलींना हसू यायचं. विलायतेत खेळताना चेंडू तोंडावर बसून बाईंचे पुढचे दात गेले होते. कवळी लावून फुंकलं की शिट्टीतून नुसती हवा जायची. म्हणून त्या टाळ्या वाजवत. टाळी अशी सणसणीत, की लोअर परळच्या आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर झोपलेला रातपाळीचा गडी उठून शिव्या घालायचा. बाई मान वर करून त्याला म्हणायच्या, "झोप रे बाबा, तुला नाही मारली."

बाई गिरगावातल्या खोताच्या वाडीच्या, मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती कुटुंबातल्या. देशाच्या बायकांच्या संघातून त्या परदेशी खेळल्या, पेपरात फोटो आला, मग गुडघा गेला आणि आमच्या गिरणगावातल्या मुलींच्या शाळेत त्या कवायतीच्या बाई म्हणून लागल्या. पुढे वीसेक वर्षांत त्यांनी किती खेळाडू घडवल्या ते सांगणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यावर लेख लिहिणारा प्रत्येक जण एक गोष्ट हटकून लिहितो: बाईंनी शिकवण्याची एक नवी पद्धत शोधली, चार-चार मुलींना घेऊन खेळवायचं आणि स्वतः उंचावर उभं राहून बघायचं. डोंबलाची नवी पद्धत. ती पद्धत पोलिसांनी शोधली. त्या पहिल्या चार मुलींत मी होते, तेव्हा मला माहीत आहे.

मी चंपा, गोलात उभी राहणारी. माझ्याबरोबर दुर्गा, लक्ष्मी आणि बकुळा. आम्ही चौघी एकाच चाळीच्या. सगळी चाळ बाबासाहेबांना मानणारी. दीक्षा पुढे त्याच, म्हणजे छप्पन सालच्या, दसऱ्याला झाली. बकुळा आमच्यात सगळ्यांत बुटकी आणि सगळ्यांत तापट. पण चेंडू एकदा तिच्या स्टिकला लागला की तो काढून घेणं कोणाच्या बापाला जमायचं नाही. आदल्या वर्षी बाई तिला संघाच्या निवडीच्या ट्रायलला घेऊन गेल्या होत्या. तिथे तिला कोणाची तरी उसनी स्टिक मिळाली, तिच्या कमरेच्या वर जाणारी, जड. बकुळाला ती पेलली नाही आणि पहिल्या काही मिनिटांतच तिला बाहेर बसवलं. त्यानंतर बाईंनी स्वतःची एक जुनी स्टिक सुताराकडून कापून, तासून तिच्या मापाची करून घेतली.

बकुळाचे वडील बुधाजी गिरणीत सूत कातायच्या रिंगखात्यात होते. माणूस वाईट नव्हता, पण कंटाळला होता. पोरगी अठराची झाली, साताऱ्याकडचं स्थळ दारात उभं होतं, आणि ही पटांगणात चेंडू बडवत होती. त्यांनी बाईंना स्वच्छ सांगितलं, "बाई, ह्या बारीला घेतली संघात, तर कुठं पण न्या, माझी ना नाय. नाय घेतली तर वैशाखात अक्षता." बाईंनी मान डोलावली. आता यंदाच्या ट्रायलमध्ये बकुळाची निवड झाली नाही, तर तिची हॉकी संपली, हे चाळीतल्या शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक होतं.

आणि नेमका तो छप्पन सालचा जानेवारी. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, ती केंद्राच्या ताब्यात राहणार, असं रेडिओवर जाहीर झालं आणि गिरणगाव रस्त्यावर आलं. दगडफेक झाली, गोळीबार झाला. पलीकडच्या चाळीतला एक तरुण मुलगा गोळी लागून गेला. शाळा बंद, गिरण्या बंद. संध्याकाळी दिवे लागले की संचारबंदी, दिवसा जमावबंदी. पाच माणसं एकत्र दिसली की तो जमाव. काठ्या, दांडे, गज जवळ ठेवायला मनाई.

सिलोनला जाणाऱ्या संघाची ट्रायल मात्र रद्द झाली नाही. मरीन लाइन्सच्या जिमखान्याच्या मैदानावर ती व्हायची होती आणि तिथल्या मंडळींच्या लेखी दंगल दुसऱ्याच कुठल्या तरी शहरात चालली होती.

बाई गिरगावहून चालत आल्या. वाटेत सातरस्त्याला मोर्चातल्या काही जणांनी त्यांचा फ्रॉक बघून त्यांना अडवलं. "बाई, तुम्ही लोक कोणाच्या बाजूचे?" बाईंचा पारा चढायला तेवढं पुरे होतं. "माझ्या आजोबाच्या आज्यानं इथं भात लावलाय. मुंबई कोणाची ते तू मला विचारतोस? बाजूला हो, मला उशीर होतोय." ते लोक बाजूला झाले.

चाळीत आल्यावर बाईंनी हिशेब केला. सगळा संघ पटांगणात उतरवला तर दोन जमाव होतात. चार मुली चालतील. पण चार मुली आणि एक बाई म्हटलं की पुन्हा जमाव. मग बाई जिना चढून पहिल्या मजल्यावर म्हाताऱ्या शामरावांच्या खोलीपुढच्या गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मी घरात आहे. खाली चारच आहेत. आता येऊ दे कोणाला यायचं ते."

तसे आम्ही खेळायला लागलो. कठड्यावर वाकून बाई टाळ्या वाजवायच्या आणि ओरडायच्या. दोन-तीन दिवसांतच त्यांचं ओरडणं बदललं, ते माझ्या लक्षात आलं. आधी त्या स्टिक कशी धरायची, पाय कुठे ठेवायचा हे सांगायच्या. आता म्हणायला लागल्या, "चंपा, चेंडूकडे नको बघू गो, रिकाम्या जागेकडे बघ." वरून त्यांना आमच्या चौघींच्या मधली जागा दिसत होती. इतकी वर्षं त्या जमिनीवरून खेळल्या, जमिनीवरून शिकवलं, आणि ही जागा त्यांना कधी अशी दिसली नव्हती. त्या स्वतःच हरखून गेल्या होत्या. बकुळा तर चेंडू नुसता सरकवायची आणि आम्ही जिथे पोचणार तिथे तो आधी जाऊन थांबायचा. रस्त्यावर काय चाललं होतं ते मी तेवढ्यापुरती विसरायचे, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

ट्रायलच्या आदल्या दिवशी आमच्या गल्लीतून पोलिसांच्या गाडीवर दगड गेला. शिपाई चाळीत घुसले आणि खोली न् खोली झाडली. लाठ्या नेल्या, पडद्याचे गज नेले, शामरावांची म्हातारपणाची काठी नेली, आणि आमच्या चारही स्टिक नेल्या. बकुळानं तिची सोडली नाही. शिपायानं ओढली तशी तीही फरफटत जिन्यापर्यंत गेली. शेवटी कमलाबाईंनी, म्हणजे तिच्या आईनं, तिची बोटं सोडवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई मला आणि बकुळाला घेऊन चौकीवर गेल्या. फौजदार मराठीच होता, जागून जागून डोळे लाल झालेले. कोपऱ्यात काठ्यांचा ढीग पडला होता आणि त्यात आमच्या स्टिकची वाकडी टोकं दिसत होती.

"ही खेळायची वस्तू आहे," बाई म्हणाल्या. "आज दुपारी हिची ट्रायल आहे. एवढी एक द्या."

"बाई, माझ्या लेखी काठी ती काठी. संध्याकाळी साहेब येणार, मोजून घेणार. एक कमी भरली तर माझी नोकरी जाईल."

"कमी नाही भरणार. मी इथं बसते. काठी परत आली की जाते."

"आणि नाही आली तर?"

"तर काठीच्या जागी मला मोजा."

फौजदार बाईंकडे बघत राहिला. मला वाटतं, त्याला त्या वेड्या वाटल्या असाव्यात. मग त्यानं बकुळाकडे पाहिलं. तिच्या मनगटावर आदल्या दिवशीचे वळ तसेच होते. तो उठला, ढिगातून स्टिक ओढून काढली आणि टेबलावर ठेवली. "दिवेलागणीच्या आत परत. साहेब आले की मग माझ्या हातात काही नाही. बाईंना आत टाकावं लागेल. आणि रस्त्यात कोणी पकडलं, तर ही मी दिलेली नाही."

शाळेतली बाई कोठडीत गेली तर शाळा तिला ठेवणार नाही, हे आम्हाला कळत होतं. बकुळा म्हणाली, "नको बाई, चला घरी."  मला दाराशी ओढून बाई हळू आवाजात म्हणाल्या, "खेळ संपल्याशिवाय हिला हलू द्यायचं नाही. माझ्यापायी अर्ध्यातून पळत येईल ही. तू गोलात उभी राहतेस ना, तशी हिच्या वाटेत उभी राहा." मी हो म्हटलं.

स्टिक नेणार कशी? कमलाबाईंनी सरपणाची मोळी बांधली आणि स्टिक तिच्या पोटात घातली. मोळी माझ्या डोक्यावर. बकुळानं बाईंचा जुना स्कर्ट लुगड्याच्या आत घातला होता. सातरस्ता, लॅमिंग्टन रोड, गिरगाव, असं सगळं चालत. दुकानं बंद, रस्त्यावर विटांचे तुकडे आणि काचा. ठाकूरद्वारला पिवळ्या टोपीच्या शिपायानं हात आडवा केला.

"लाकडं कुठं चालवलीत?"

माझ्या मानेवरून घाम ओघळत होता. मोळी सोडायला लावली असती तर सगळंच संपलं असतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "चंदनवाडीला."

त्या आठवड्यात चंदनवाडीच्या स्मशानात कोणाची माणसं जळत होती ते त्यालाही ठाऊक होतं. त्यानं नजर खाली घातली आणि हात काढला.  पुढचा कोपरा वळल्यावर बकुळा म्हणाली, "मेलेल्यांच्या नावावर खोटं बोललीस." मी म्हटलं, "बोलले. त्यांनी काय मला नाही म्हटलं असतं?"

मैदानावर पोचलो तर ट्रायल सुरूच झालेली नव्हती. वांद्र्याकडच्या मुली गाड्यांच्या गोंधळात अडकल्या होत्या. आम्ही ताटकळत बसलो. ऊन उतरायला लागलं तशी मी सारखी उठून समुद्राकडे बघायला लागले. अखेर दोन संघ पाडले आणि खेळ सुरू झाला.

पहिला अर्धा भाग बघवेना. बकुळा हरवून गेली होती. इतके दिवस चाळीच्या पटांगणात चौघींत खेळलेली पोर, आता चहूकडे नुसतं हिरवं मैदान आणि इंग्रजीत ओरडणाऱ्या अनोळखी मुली. चेंडू तिच्याकडे कोणी देईना. तिनं कधी हिसकावून घेतला तर सवयीनं जवळच सरकवायची, आणि तिथे कोणीच नसायचं. कडेला खुर्च्यांवर बसलेले निवड करणारे तिच्याकडे बघतसुद्धा नव्हते. त्यातला एक जण चक्क जांभई देत होता. त्याच्या थोबाडात मारावीशी वाटली मला.

मध्यंतरात ती धावत माझ्याकडे आली. डोळे लाल. समुद्राकडे बोट दाखवून म्हणाली, "सूर्य बघ कुठं गेला. अजून अर्धा खेळ थांबलो तर आपण वेळेत पोचत नाही. इथं माझं काही होत नाही चंपे. चल, निदान बाईंना तरी सोडवू."

ती खरं बोलत होती. आत्ता निघालो तर बाई सुटतील. थांबलो तर बाई आत, आणि बकुळाला बहुतेक तरीही घेणार नाहीत. मला रडू येत होतं. पण मी शब्द दिला होता. मी तिच्या पुढ्यात उभी राहिले.

"बाजूला हो."

"नाही होणार."

तिनं मला ढकललं. मी तिला परत ढकललं. "बाईंनी सांगितलंय, शेवटपर्यंत. त्यांना ठाऊक होतं तू पळणार. ठाऊक असून बसल्यात त्या तिथं. आता तुला त्यांचं बसणं फुकट घालवायचं असेल तर जा."

बकुळा मटकन खाली बसली. मी तिच्याजवळ वाकले आणि जे सुचलं ते बोलले. "अकरा जणींत खेळू नकोस. येतच नाही तुला. तीन पकड. तिघी बघ, त्यांना घे, आणि आपलं पटांगण कर."

ती उठून मैदानात गेली. तिच्या बाजूला एक उंच ख्रिस्ती मुलगी होती, व्हायोला नावाची. बकुळानं तिचा दंड धरला. मग आणखी एक, मग आणखी एक. "तू, तू आणि तू. माझ्याजवळ राहायचं." व्हायोला हसली, मराठीत म्हणाली, "अगं हो, पण दंड सोड."

मग काय झालं ते मी गोलामागे उभी राहून पाहिलं. चौघी मिळून मैदान चढायला लागल्या. बकुळा चेंडू रिकाम्या जागेत टाकायची आणि व्हायोलाला तो तिथे सापडायचा. दोन वेळा तिला कळेना, तिसऱ्या वेळी कळलं, आणि तिनं गोल मारला. खुर्च्यांवरची माणसं पुढे वाकून बसली. दुसरा गोल बकुळानं स्वतः मारला. मी ओरडत होते, आणि एक डोळा समुद्राकडे होता. सूर्य पाण्याला टेकला होता.

शेवटची शिट्टी झाली. नावं वाचली. सिलोनला जाणाऱ्या संघात बकुळाचं नाव होतं. तिनं ते ऐकलं, स्टिक उचलली आणि सरळ धावत सुटली. मोळी तिथेच राहिली.

सातरस्त्याला पोचेपर्यंत संचारबंदीचा भोंगा झाला. रस्ता ओस पडला. मैदानावरची स्टिक आता उघडी हातात, आणि समोरून गाडीचे दिवे. मी म्हटलं, "टाक ती गटारात." बकुळा म्हणाली, "टाकली तर बाईंना सोडवायचं कशानं?" एका चाळीचं दार किलकिलं झालं आणि कोणी तरी आम्हाला आत ओढलं. त्या घरातल्या बाईनं काही विचारलं नाही. मागच्या दारानं दुसऱ्या चाळीत, तिथून संडासाच्या बोळातून तिसऱ्या, असं लोकांनी आम्हाला हातोहात पुढे सरकवलं. कोणाची नावं कळली नाहीत. एकानं बकुळाच्या हातातली स्टिक बघून नुसतं म्हटलं, "जपून जा गं."

चौकीत शिरलो तेव्हा साहेब येऊन गेले होते. बाई गजांच्या आड फरशीवर बसल्या होत्या. फौजदारानं स्टिक घेतली आणि आमच्याकडे न बघता म्हणाला, "उशीर केलात. लिहून झालं."

बकुळा गजांना धरून रडायला लागली. बाई दुखऱ्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "शेवटच्या शिट्टीपर्यंत होतीस?"

"होते."

"मग?"

"घेतलं बाई. सिलोनला."

 बाईंनी गजांतून हात बाहेर काढला आणि बकुळाचं डोकं धरून आपल्या कपाळाला टेकवलं. त्या रडत होत्या. विलायतेत दात पडले तेव्हा त्या रडल्या नव्हत्या, असं त्यांनीच आम्हाला सांगितलं होतं.

सकाळी फौजदारानं त्यांना सोडलं. शाळेच्या मुख्याध्यापिका चौकीच्या दारातच भेटल्या आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांगून गेल्या. मला वाटलं, बाई आता गिरगावला घरी जातील, घरच्यांना तोंड दाखवतील. बाई तशाच चुरगळलेल्या फ्रॉकमध्ये आमच्या चाळीत आल्या, शामरावांच्या गॅलरीत चढल्या आणि टाळी वाजवली.

"बकुळा, खाली ये. चंपानं सांगितलं मला, पहिला अर्धा कसा खेळलीस ते. सिलोनला अकरा जणी असणार. अकरांतलं खेळणं कच्चं आहे तुझं."

"पण स्टिक नाय बाई. आणि अकरा जणी कुठून आणू? जमाव होईल."

"धोपाटणी आहेत ना घरात? ती घ्या. पटांगणात चौघी. बाकीच्यांनी आपापल्या दारात उभं राहायचं, उंबऱ्याच्या आत. घरात उभ्या असलेल्या माणसाला कोण जमाव म्हणतो ते बघते मी."

मग तळमजल्याच्या दारादारांत बायका येऊन उभ्या राहिल्या. कोणी कपडे धुण्याचं धोपाटणं घेतलं, कोणी लाटणं. आम्ही चौघी मधे. चेंडू उंबऱ्यावर जायचा, तिथून कोणी तरी परत लोटायचं, आणि बकुळानं तो कुठून येतोय ते न बघता ओळखायचं. बाई वरून ओरडत होत्या. खोल्यांतून हसू ऐकू येत होतं. कित्येक दिवसांत चाळीत कोणी हसलं नव्हतं.

कोपऱ्यातलं दार बुधाजींचं. कमलाबाई चुलीपाशी होत्या, म्हणून त्या दारात कोणी नव्हतं. चेंडू दोनदा तिथून सरळ घरात गेला. तिसऱ्या वेळी बुधाजी बाहेर आले. एका हातात चेंडू, एका हातात धोपाटणं.  बकुळा जागच्या जागी उभी राहिली.

"साताऱ्याला निरोप धाडलाय," बुधाजी म्हणाले. "पोरगी सिलोनला चाललीय, थांबायचं तर थांबा म्हणून."

मग त्यांनी चेंडू खाली ठेवला आणि धोपाटणं मारलं. ते जमिनीला लागलं, चेंडू भलतीकडेच गेला. ते तो आणायला निघाले तसा वरून बाईंचा आवाज आला, "बुधाजी, उंबरा ओलांडायचा नाही."

बुधाजींनी उचललेला पाय मागे घेतला. धोपाटणं दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि उंबऱ्याच्या आत वाकून उभे राहिले.

"दे गं इकडं," ते बकुळाला म्हणाले. "ह्या बारीला नीट मारतो."